शाब्ली आणि कालवे : अमेरिकी मुळे, आशियाई शिंपला आणि एक 'अस्सल फ्रेंच' परंपरा

#थ्रेड #इतिहास #खाद्यइतिहास

१/
फ्रान्समधील 'शाब्ली' ही पांढरी वाइन आणि समुद्रातील कालवे ही युरोपच्या खाद्यसंस्कृतीतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध जोडी. (कालवे म्हणजे पाटबंधारे खात्याचे नव्हेत, कोकणच्या खडकांना चिकटलेले असतात ते.) या जोडीची एक सुरस कथा सर्वत्र सांगितली जाते. ती कथा चुकीची आहे. खरा इतिहास तिच्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे आणि 'अस्सल' या शब्दावर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने तो जाणून घ्यावा असा आहे.

२/
प्रथम भूगोल. शाब्ली हे उत्तर बर्गंडीतील एक छोटे गाव. योन परगण्यात, सरँ नावाच्या लहान नदीच्या काठी वसलेले. पॅरिसपासून आग्नेयेला सुमारे १८० किलोमीटर. बर्गंडीची वाइनची राजधानी मानले जाणारे बोन शहर येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, तर शाँपेन प्रांताच्या द्राक्षबागा त्याहून जवळ. हवा थंड, उन्हाळा छोटा. 'शाब्ली' या नावाच्या वाइनसाठी एकच द्राक्ष चालते : शार्दने.

३/
आता ती सुरस कथा. शाब्लीच्या उतारांवरील चुनखडीयुक्त चिकणमाती सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या, ज्युरासिक काळातील समुद्रतळाची आहे. भूशास्त्रज्ञ तिला 'किमरिजियन' म्हणतात. हे नाव इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरील किमरिज गावावरून आले. या मातीत स्वल्पविरामाच्या आकाराच्या चिमुकल्या कालवांचे असंख्य जीवाश्म सापडतात. तेव्हा, जिच्या मुळांशी कालवे आहेत त्या वेलीची वाइन कालवांसोबत शोभणारच, असा निष्कर्ष काढला जातो.

४/
कल्पना काव्यमय आहे, पण वेल दगड खात नाही. मुळे पाण्यात विरघळलेले क्षार अत्यल्प प्रमाणात शोषतात. त्यांतून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राची चव प्याल्यात उतरत नाही. मातीचे खरे काम निराळे. ती पावसाचे पाणी वाहून जाऊ देते आणि तरीही कोरड्या दिवसांसाठी पुरेशी ओल धरून ठेवते. जीवाश्म हे मातीच्या वयाचे साक्षीदार आहेत. तिच्या चवीचे ते आचारी नव्हेत.

५/
मग ही जोडी जमते कशामुळे? थंडीमुळे. थंड प्रदेशात द्राक्ष संथपणे पिकते आणि त्यातील आम्लता टिकून राहते. साधी शाब्ली बहुधा पोलादी टाक्यांत तयार होते. त्यामुळे ओकच्या लाकडाचा वास तिच्यावर चढत नाही. अशी तरतरीत, कोरडी, आंबटसर वाइन खारट कालवांवर तेच काम करते जे तळलेल्या मासळीवर लिंबाची फोड करते. लाल वाइन येथे का बिघडते, याचेही कारण सापडले आहे. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की वाइनमधील लोह जितके अधिक, तितका शिंपल्यांसोबत मासळीचा उग्र वास जिभेवर रेंगाळतो.

६/
म्हणजे जोडी जिभेवर खरी ठरते. परंतु इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे : या दोघांना एका मेजावर आणले कोणी? शाब्लीपासून इंग्लिश खाडीचा किनारा तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. गावाच्या परिसरात कालव मिळते ते फक्त दगडात. 'जे एकत्र उगवते ते एकत्र शोभते' हा खाद्यलेखकांचा लाडका नियम येथे पूर्णपणे कोलमडतो.

७/
उत्तराची सुरुवात मठांपासून होते. ८६७ साली राजा टकल्या चार्ल्सने शाब्ली येथील मठ तूर शहरातील संत मार्टिनच्या साधूंना दिला. व्हायकिंगांच्या धाडींमुळे ते आश्रय शोधत होते. पुढे १११४ साली, गावापासून काही कोसांवर, सिस्टर्शियन पंथाचा पाँतिन्यी मठ उभा राहिला आणि त्याच्या साधूंनी शाब्लीत द्राक्षबागा मिळवल्या. धर्मविधींसाठी वाइन आवश्यक होतीच, पण मठ ही त्या काळातील मोठी आर्थिक संस्थाही होती. उरलेली वाइन विकायची होती, आणि विकायची तर ग्राहक हवा होता.

८/
ग्राहक होता पॅरिस. शाब्लीची पिंपे बैलगाड्यांतून वीसेक किलोमीटरवरच्या ओसेर शहरापर्यंत जात. तेथे ती योन नदीत नावांवर चढत. योन पुढे सेन नदीला मिळते आणि सेन थेट पॅरिसमध्ये शिरते. रस्ते खडबडीत आणि जकातीने भरलेले असण्याच्या काळात पाण्याचा उतार हीच सर्वांत स्वस्त वाहतूक होती. बर्गंडीच्या दक्षिण भागाला ही सोय नव्हती. शाब्लीच्या कीर्तीत मातीचा वाटा जेवढा, तेवढाच या नदीचाही आहे.

९/
दुसऱ्या दिशेने कालवे येत होते. नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून ताजी मासळी घेऊन घोडागाड्या रात्रंदिवस धावत पॅरिस गाठत. त्या गाडीवानांना फ्रेंचमध्ये नावच होते 'शास-मारे', म्हणजे भरतीचा पाठलाग करणारे. शहरातील माँतोर्ग्वेय रस्ता कालवांच्या बाजारासाठी प्रसिद्ध होता; तेथील 'रोशे द कांकाल' हे उपाहारगृह बाल्झाकच्या कादंबऱ्यांतही डोकावते. नदीने वाइन आणली, रस्त्याने कालवे आणले. जोडी लागली ती बाजारात. तिच्या लग्नाशी भूगर्भाचा काही संबंध नाही.

१०/
बरे, ती लगेच लागली असेही नाही. १७३५ साली जाँ-फ्रांस्वा द त्र्वा या चित्रकाराने पंधराव्या लुईच्या व्हर्साय राजवाड्यातील भोजनकक्षासाठी 'कालवांचे भोजन' हे चित्र रंगवले. आज ते शाँतियीच्या संग्रहालयात आहे. चित्रात उमराव कालवांवर ताव मारत आहेत, जमिनीवर शिंपल्यांचा खच पडला आहे. आणि वाइन? फसफसणारी शाँपेन. बाटलीचे बूच हवेत उडालेले असून काही जण मान वर करून त्याकडे पाहत आहेत. राजदरबारात कालवांची जोडीदार त्या काळी दुसरीच होती.

११/
त्यानंतर दीडशे वर्षांच्या आत चित्र पालटले. १८७५ ते १८७७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'मध्ये ओब्लोन्स्की मॉस्कोच्या उपाहारगृहात कालवे मागवतो. वाइन निवडताना तो आधी बर्गंडीच्या लाल वाइनचे नाव घेतो, मग बेत बदलून शाब्ली सांगतो आणि तिला 'क्लासिक' हे विशेषण लावतो. पॅरिसची आवड तोवर रशियन सरंजामदारांची सवय झाली होती.

१२/
त्याच मेजावर लेविन बसला आहे. त्याला कालवांत रस नाही. कोबीचे सूप आणि लापशी मिळाली असती तर तो अधिक सुखी झाला असता. टॉलस्टॉयने दोन वर्गांमधील अंतर एका जेवणात दाखवले आहे. आजच्या चर्चेतही हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण 'शाब्लीसोबत काय खावे' या प्रश्नाचे उत्तर जग नेहमी ओब्लोन्स्कीला विचारते. लेविनला ते कोणी विचारत नाही.

१३/
खुद्द शाब्लीच्या घरांत काय शिजते? डुकराच्या आतड्यांपासून बनवलेली, तीव्र वासाची 'आंदुयेत' नावाची सॉसेज. शाब्ली, टोमॅटो आणि सायीच्या रश्शातील हॅम. चीज घातलेले पोकळ, खुसखुशीत 'गुजेर'. लसूण-लोण्यातल्या बर्गंडी गोगलगाई. शेजारच्या भागातील शाउर्स आणि सुमँत्रँ ही मऊ चीजे. हे अन्न डुक्कर पाळणाऱ्या, दूधदुभते असणाऱ्या आणि थंडीत वेलींची छाटणी करणाऱ्या माणसांचे आहे. वाइनची आम्लता येथेही तेच काम करते : चरबी आणि साय कापते.

१४/
मेनूकार्डावर मात्र कालव मिरवते आणि आंदुयेत स्थानिक कुतूहलाची वस्तू ठरते. पिकवणाऱ्याचे जेवण आणि विकत घेणाऱ्याचे जेवण यांपैकी परंपरा म्हणून नोंद होते ती बहुतेकदा दुसऱ्याची. हा योगायोग नव्हे. पाककृतींची पुस्तके, चित्रे, कादंबऱ्या शहरांत तयार होतात. इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्याही 'पारंपरिक' ताटाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : ही नोंद कोणाच्या मेजावर बसून केली आहे?

१५/
आता या कथेतील पहिला मृत्यू. १८५०च्या दशकात पॅरिस आणि भूमध्य सागराचा किनारा लोहमार्गाने जोडला गेला. दक्षिणेची स्वस्त वाइन राजधानीत ओतली जाऊ लागली आणि नदीने दिलेला जुना फायदा संपला. पाठोपाठ फिलॉक्सेरा आली. मुळांचा रस शोषणारी, अमेरिकेहून आलेली सूक्ष्म कीड. १८६८ साली प्लांशाँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती दक्षिण फ्रान्समध्ये शोधून काढली. १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती योन परगण्यात पोहोचली. एकेकाळी सुमारे ४०,००० हेक्टरांवर पसरलेल्या योनच्या द्राक्षबागा उजाड होत गेल्या.

१६/
उपाय निघाला तो शत्रूच्या घरातून. अमेरिकी वेली या किडीला दाद देत नव्हत्या. म्हणून अमेरिकी वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधले गेले. आजही शाब्लीतील शार्दने अमेरिकी मुळांवरच उभी आहे. आणि शार्दने तरी 'शुद्ध' आहे का? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तिचे आईबाप उघड केले : एक प्रतिष्ठित पिनो आणि दुसरे गूए ब्लाँ, म्हणजे ज्या द्राक्षाला शतकानुशतके हलक्या प्रतीचे म्हणून हिणवले गेले ते.

१७/
दुसरा मृत्यू कालवाचा. पॅरिसच्या भुकेने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या नैसर्गिक कालवखाणी ओस पडू लागल्या. तिसऱ्या नेपोलियनच्या पाठबळाने व्हिक्टर कोस्त या शास्त्रज्ञाने १८५०च्या दशकाच्या अखेरीस कालवशेतीचे प्रयोग सुरू केले. १८६८ साली, म्हणजे योगायोगाने फिलॉक्सेरा ओळखली गेली त्याच वर्षी, 'मोर्लेझियाँ' या जहाजाने वादळात अडकून, खराब होत असलेला पोर्तुगीज कालवांचा माल जिरोंदच्या मुखापाशी फेकून दिला. त्यांतली काही जगली, वाढली आणि किनाराभर पसरली. पुढे कळले की हे 'पोर्तुगीज' कालवही मूळचे आशियाई होते.

१८/
१९७०च्या आसपास विषाणूजन्य रोगाने हे पोर्तुगीज कालव फ्रान्समधून जवळजवळ नामशेष झाले. मूळचे चपटे युरोपीय कालवही परजीवी रोगांनी खचत होते. तेव्हा जपानी जातीचे कालव मोठ्या प्रमाणावर आणून समुद्रात सोडण्यात आले. बीज जपानमधून आले आणि मोठी कालवे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून. आज फ्रान्समध्ये खाल्ले जाणारे बहुसंख्य कालव हे याच जपानी जातीचे असते.

१९/
आता ताटाकडे पुन्हा पाहावे. अमेरिकी मुळांवर वाढलेली, तुच्छ मानलेल्या द्राक्षाची लेक. आणि तिच्या शेजारी जपानी वंशाचे कालव. ही झाली 'अस्सल, प्राचीन, फ्रेंच' जोडी.

२०/
येथे दोन सोपे निष्कर्ष मोह घालतात आणि दोन्ही टाळायला हवेत. पहिला शुद्धतावाद्याचा : परकीय मुळांचा उल्लेखच करू नये, जीवाश्मांची कथा सांगत राहावे. दुसरा उपहासकर्त्याचा : परंपरा म्हणजे निव्वळ थाप. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादित केलेले 'परंपरांची निर्मिती' या विषयावरील १९८३चे गाजलेले पुस्तक अनेकांनी अर्धेच पचवले आहे. परंपरा घडवली जाते हे सिद्ध झाल्याने ती खोटी ठरत नाही. कोणी, कशासाठी, किती कष्टाने घडवली हा प्रश्न तेथून सुरू होतो.

२१/
कष्टांचे एक उदाहरण. शाब्लीत एप्रिल-मेच्या रात्री पारा शून्याखाली घसरतो आणि कोवळे कोंब एका पहाटेत जळतात. १९४५ साली जवळजवळ संपूर्ण पीक असेच गेले. १९५०च्या दशकात तर 'शाब्ली' नावाखाली जेमतेम ५०० हेक्टर उरले होते. पुढे शेतकऱ्यांनी ओळींमध्ये तेलाच्या शेगड्या पेटवून रात्री जागवल्या. नंतर पाण्याचे फवारे आले : पाणी कोंबावर गोठते, गोठताना उष्णता सोडते आणि बर्फाच्या त्या कवचाखाली कोंब वाचतो. आज लागवड साडेपाच हजार हेक्टरांहून अधिक आहे. ही परंपरा जिवंत ठेवली ती या जागरणांनी. जीवाश्म तेव्हा स्वस्थ पडून होते.

२२/
शेती वाचवली तरी नाव वाचवणे बाकी होते. १९०५ आणि १९१९ चे फ्रेंच कायदे, १९३५ ची राष्ट्रीय व्यवस्था आणि अखेर जानेवारी १९३८ मधील मान्यता, या मार्गाने 'शाब्ली' हे नाव विशिष्ट गावांच्या हद्दीला बांधले गेले. अटलांटिकपलीकडे मात्र कॅलिफोर्नियात कोणत्याही पांढऱ्या वाइनला शाब्ली म्हटले जात होते. गुलाबी शाब्लीही विकली गेली. अमेरिकी कायद्याने त्या नावाला 'अर्ध-सामान्य' ठरवले होते. २००६ च्या युरोप-अमेरिका कराराने नव्या वापराला बंदी केली, पण जुन्या लेबलांना अभय दिले.

२३/
हद्द आखणे हेही निरागस काम नव्हते. १९७०च्या दशकात शाब्लीतच मोठा वाद पेटला. एका गटाचे म्हणणे, किमरिजियन मातीबाहेर शाब्ली नाही. दुसऱ्या गटाचे, उताराची दिशा आणि सूक्ष्म हवामान तितकेच महत्त्वाचे. विस्तारवादी जिंकले आणि क्षेत्र वाढले. ज्या जीवाश्मांची गोष्ट आज पर्यटकांना सांगितली जाते, ती एकेकाळी जमिनीच्या किमतींच्या भांडणातील पुरावा होती.

२४/
या साऱ्याचा महाराष्ट्राशी संबंध दूरचा वाटेल, पण तो थेट आहे. वाइनच्या नावांवरील अशा भांडणांतूनच जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात भौगोलिक निर्देशांची तरतूद आली. तिचे कलम २३ वाइन व मद्यांना इतर उत्पादनांहून अधिक कडक संरक्षण देते. म्हणजे युरोपचे हितसंबंध कायद्याच्या भाषेतच गोठले. भारताचा १९९९ चा भौगोलिक निर्देशांक कायदा त्याच कराराचे अपत्य. त्याखाली नोंदलेली नाशिक व्हॅली वाइन त्या कडक संरक्षणाच्या कक्षेत बसते. हापूस आंबा बसत नाही. आणि राज्यातील कितीतरी द्राक्षबागा आज डॉगरिज या खुंटावर उभ्या आहेत. क्षार आणि पाणीटंचाई सोसणारा हा खुंटही मूळचा अमेरिकी.

२५/
पुढचा धोका हवामानाचा. हिवाळे उबदार झाले की कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलच्या थंडीत सापडतात. २०१६ आणि २०२१ मध्ये शाब्लीने हे सोसले. उन्हाळे तापले की द्राक्षातील आम्लता उतरते. ज्या थंडीने ही जोडी जमवली तीच ओसरू लागली, तर मातीतील कालवे जागच्या जागी राहतील आणि प्याल्यातली शाब्ली मात्र बदलेल. भूगर्भावर सारे श्रेय लादणारी कथा म्हणूनच धोकादायक आहे : खडक आहे तोवर चव आहे, असा खोटा दिलासा ती देते.

२६/
राहिला प्रश्न, शाब्लीसोबत काय शोभते? साध्या शाब्लीसोबत कालवे, यात शंका नाही. सात 'ग्राँ क्रू' उतारांवरील भारदस्त वाइनसोबत लोण्या-सायीतली कोंबडी किंवा शेवंड. पण ज्याला या वाइनचा इतिहास चाखायचा आहे त्याने हॅम, गुजेर आणि आंदुयेतला पहिला मान द्यावा. कालवांच्या ताटात पॅरिसचा इतिहास आहे. शाब्लीचा इतिहास त्या दुसऱ्या, फारशा न मिरवलेल्या ताटात आहे.

२७/
'अस्सल' म्हणजे ज्यात बाहेरचे काहीच नाही, ही व्याख्या मान्य केली तर शाब्ली अस्सल नाही, कालव अस्सल नाही आणि जगातील क्वचितच एखादे ताट अस्सल ठरेल. व्याख्या बदलावी. वेल मेल्यावर ज्यांनी परकीय खुंटावर कलम बांधले, कालव संपल्यावर ज्यांनी दूरदेशीचे बीज समुद्रात सोडले, कडाक्याच्या रात्री ज्यांनी शेगड्या पेटवल्या, त्यांच्या हातांत अस्सलपण शोधावे. खडक त्यानंतर पाहता येईल.

(धागा समाप्त)